चौदाव्या दिवसानंतर

"नवीन काय, एवढंच विचारलंय त्यांनी," असं म्हणून मॅडमनी पत्र टेबलावर पालथं घातलं.

मोजणीबाईंनी हातातला चिमटा खाली ठेवला. बियाणं तपासायच्या या प्रयोगशाळेत बावीस वर्षं त्यांचं एकच काम होतं. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, चौदाव्या दिवशी कोंब आलेल्या मोजायच्या, उरलेल्यांचा आकडा 'मृत'च्या रकान्यात लिहायचा आणि त्या टाकून द्यायच्या. सगळे त्यांना मोजणीबाईच म्हणत.

मॅडम तिथल्या संशोधक; त्यांनी तीन वर्षं खपून एका रानगवताच्या जुन्या बियांवर शोधनिबंध लिहिला होता. तो मासिकाकडून परत आला होता.

"काही चुकलंय का त्यात?"

"चुकलं असतं तर बरं, दुरुस्त केलं असतं. बी जुनं झालं की मरतं, हे सगळ्यांना ठाऊकच आहे म्हणतात. काम नेटकं, पण नवीन काही नाही."

बाई उठल्या, दार लोटून घेतलं आणि खिडकीखालचं कपाट उघडलं. आत डब्यांची जुनी झाकणं ओळीने मांडलेली होती. प्रत्येकात ओला कागद, कागदावर पेन्सिलीने तारीख. बऱ्याच झाकणांत हिरवे कोंब तरारले होते.

"हे काय?"

"तुमच्याच बिया. मेलेल्या."

मॅडम खाली वाकून बघत राहिल्या.

"आधी मीही टाकायचे," बाई म्हणाल्या. "एकदा जोडून सुट्ट्या आल्या आणि कागद टोपलीतच राहिला. परत येऊन बघते तर टोपलीत कोंब. त्यानंतर टाकायला हात होईना." त्यांनी फडताळातून एक वही काढली. "बी जितकं जुनं, तितकं उशिरा उठतं. काही तर पंचेचाळिसाव्या दिवशी."

"इतकी वर्षं कुणाला बोलला नाहीत?"

"कुणी विचारलं नाही. आणि नियम मोडलाय हे आपल्या तोंडाने कोण सांगतं?"

मॅडम वही चाळता चाळता खुर्चीत बसल्या. "आधीच्यांनी चौदा दिवस मोजले म्हणून सगळ्यांनी चौदा मोजले," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा. पंधराव्या दिवशी काय होतं, हे बघावंसंच वाटलं नाही."

मग दोघींनी पहिल्यापासून सगळं मांडलं, या वेळी प्रयोगशाळाप्रमुख साहेबांची परवानगी घेऊन, साठ दिवसांचं. दोन वर्षं गेली. 'मृत' ठरलेल्यांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा उठला. मॅडमनी नवा निबंध लिहिला आणि आपल्या नावाशेजारी बाईंचं नाव घातलं.

साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता.

"तुमचं नाव आभारात टाकू. लेखक म्हणून आलात तर हे कळलं कसं असं विचारतील आणि ती जुनी वही पुढे येईल. मग मला खुलासा मागावा लागेल, आणि तो सेवापुस्तकात जाईल. निवृत्तीला एक वर्ष राहिलंय तुमचं. विचार करा."

घरी नवऱ्यानेही तेच सांगितलं. "आभारातलं नाव काय कमी असतं? कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेस?"

"अहो, मोजलंय मी," बाई म्हणाल्या. "मग आभार कसले घेऊ?"

निबंध दोघींच्या नावांनी छापून आला. त्याच आठवड्यात साहेबांचं ज्ञापनही आलं: टाकाऊ बिया विनापरवानगी का ठेवल्या, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा. कार्यालयातल्या कारकुनाने मायेने माफीचा मसुदा लिहून दिला. 'अनवधानाने', 'यापुढे असे घडणार नाही' वगैरे.

बाईंनी तो दोनदा वाचला आणि घडी घालून त्याला परत दिला. मग आपल्या टेबलाशी बसून कोऱ्या कागदावर तारीख घातली, विषय लिहिला आणि खाली एक ओळ लिहून सही केली.

'बिया मेल्या आहेत याची मला खात्री नव्हती.'