माझा पांढरा गळा

मी एक जुनी ऑक्सिजनची टाकी आहे. खरं म्हणजे टाकीचा वरचा अर्धा तुकडा. मित्रांनो, शाळा सुटायच्या वेळी ज्या घंटेकडे तुमचे कान लागलेले असतात ना, ती मीच. ठोके खाण्यासाठी मला घडवलं नव्हतं, पण माझं ऐकून घेतं कोण?

कारखान्यात मला जाड पोलादाचं अंग मिळालं. खांद्यावर नंबर आणि तपासणीची तारीख ठोकली. मग अंगाला काळा रंग दिला आणि गळ्याला पांढरा. तो काही नट्टापट्टा नव्हता. काळं अंग, पांढरा गळा म्हणजे पोटात ऑक्सिजन, हे अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कळावं म्हणून तो रंग होता.

गंगाखेडला सुरजच्या वेल्डिंगच्या दुकानात मी आले. तिथे उसाच्या ट्रॉल्या कापायचं, जोडायचं काम चाले. शेजारी दुसऱ्या गॅसची लालसर तपकिरी टाकी उभी असे. सुरजचा हात कसबी, पण शिस्तीच्या नावाने आनंदीआनंद! मला साखळीने भिंतीला बांधायचं असतं, ते त्याने कधी केलं नाही. तोंड झाकणारी डोक्यावरची टोपी हरवली ती हरवलीच. वर "लय भारी टाकी हाय" म्हणून पाठीवर थाप मारायचा. असलं कौतुक काय चाटायचंय?

माझी काळजी एकच माणूस करी, सुरजची आई कस्तुराबाई. खंडेनवमीला दुकानातल्या हत्यारांची पूजा तिच्याकडे असे. हातोड्यांना, पान्यांना ती तेलाचं बोट लावी, मग हळदकुंकू वाही. टाक्या पोचवणारा सिद्धोधन तिला एकदा म्हणाला होता, "मावशी, काळ्या अंगाच्या, पांढऱ्या गळ्याच्या टाकीला तेलाचं बोट बी लावू नका. तेल आन् ह्यो गॅस भेटला की भडकाच." त्या माउलीने हे मनात पक्कं धरलं. माझ्याजवळ येण्याआधी ती हात राखेने घासून धुवायची. मला फक्त झेंडूचं फूल मिळे.

एका वर्षी दसऱ्याआधी ती लेकीकडे जिंतूरला गेली होती. इकडे सुरजला दुकान चकाचक करायची हौस आली. कुणाचं तरी गेट रंगवून उरलेला चंदेरी रंग त्याने आम्हा दोन्ही टाक्यांना फासला. माझा पांढरा गळाही त्यात बुडाला. येणारेजाणारे वा वा करत होते. मला मात्र रडू येत होतं.

खंडेनवमीला कस्तुराबाई परतली. "ती काळी टाकी कुठं हाय रे?" तिने विचारलं. सुरज मोबाइलवर बोलत होता. मान न वळवता म्हणाला, "आसंल तिकडंच. तू पूजा उरक, गिऱ्हाईक यायलंय." तिने दुकानभर शोधलं. काळी टाकी भरायला गेली असेल, या चंदेरी टाक्या दुसऱ्याच असतील असं तिला वाटलं, आणि वाटीतलं तेल तिने माझ्या तोंडाला लावलं. किती मायेने लावलं, काय सांगू!

दसरा झाल्यावर सुरजने रेग्युलेटर बसवला आणि मला उघडलं. भडका उडाला. त्याचा उजवा हात भाजला आणि बोटं कायमची आखडली.

दवाखान्यात लोक विचारू लागले, तेव्हा सुरजने रंगाचं नाव काढलं नाही. "मायला दिसत न्हाई आता," तो म्हणाला.

"काळी नव्हती रे बाबा ती," कस्तुराबाई म्हणाली.

"काळीच व्हती, माय. तुजे डोळे गेलेत."

रंगवलेलं बघणारे होते की! पण दुसऱ्याच्या घरातलं कशाला बोला, म्हणून तेही गप्प बसले. लेकाचा भाजलेला हात समोर होता, तिने मान्य करून टाकलं.

दुकान बंद पडलं. मी तपासणीत नापास झाले, कापली गेले आणि भंगारातून हेडमास्तरांनी मला इथे आणलं. सुरज इथे शिपाई झाला, कस्तुराबाई तुमची खिचडी शिजवते. त्याने मला बघताक्षणी ओळखलं. तेव्हापासून दरवर्षी तो डाव्या हाताने मला चंदेरी रंग देतो. गुरुजी म्हणतात, घंटेवर किती जीव आहे याचा! जीव कसला, भीती आहे ती.

आणि तांदूळ निवडताना कस्तुराबाई तुम्हाला हाक मारते, "खडा ऱ्हायलाय का बगा रे लेकरांनो, मला दिसत न्हाई." कधी सापडला का तुम्हाला एक तरी खडा?

यंदा ठोक्यांनी माझा रंग लवकर उडाला. काल ती फूल वाहायला आली आणि थबकली. नखाने खरवडलं. गळ्याशी पांढरं निघालं, खाली काळं. सुरज हातोडा घेऊन शेजारीच उभा होता.

"सुरज, ही आपलीच टाकी हाय का?"

त्याने हातोडा खाली ठेवला.

"सालोसाल तू हिला रंग का देतूस रे?"

त्याने मान खाली घातली.

"म्हंजी माजे डोळे धडच व्हते," ती म्हणाली. ओरडली नाही, रडली नाही. जाऊन तांदूळ निवडत बसली. काल तिने तुमच्यापैकी कुणालाच हाक मारली नाही.

मित्रांनो, कुठल्याही टाकीचा रंग पुसू नका, आणि माझ्यासारखीला तेलाचा हात लावू नका. चुकून पुसलाच, तर तसं सांगून टाका. टाकीला रंग पुन्हा देता येतो. कस्तुराबाईने स्वतःला आंधळी समजून काढलेली वर्षं तिला कोण परत देणार?