नर्सबाईंचं माहेर

आमच्या पणजीला घरात सगळे नर्सबाईच म्हणायचे. मुलं, सुना, नातवंडं, सगळेच. गोऱ्यांच्या राज्यात त्यांच्याच इस्पितळात तिनं सव्वीस वर्षं नोकरी केली. तिला माहेर नव्हतं. म्हणजे असणारच कुठेतरी, पण तिथून कधी कुणी आलं नाही, दोन ओळींचं पत्र नाही. ‘नोकरी धरली म्हणून आईबापांनी टाकलं बिचारीला,’ एवढंच आम्ही ऐकत आलो. त्या न पाहिलेल्या माणसांना आमच्या घरानं तीन पिढ्या नावं ठेवली.

आत्याचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती माझ्याकडे राहायला आली. वय शहाऐंशी. पडून पडून तिला एकच ध्यास लागला.

“माझ्या आजीचं गाव कुठलं, तेवढं मला कळू दे. तू कोर्टात टायपिस्ट होतीस. तुला जुनं अक्षर लागतं.”

“आत्या, शंभर वर्षं झाली त्याला.”

“मग अजून उशीर नको करूस.”

ती खनपटीलाच बसली. शेवटी मी इस्पितळाच्या जुन्या दफ्तरखान्यात जायला लागले. सकाळी आत्याची अंघोळ, औषधं, जेवण उरकायचं, शेजारणीला बसवायचं, दोन बस बदलायच्या आणि तळघरातल्या त्या खोलीत चार वाजेपर्यंत वह्या चाळायच्या. खिडकी एकच, तीही वर, छताला लागून. तिथल्या कारकुनांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी वैतागून एक वही माझ्यापुढे टाकली. तिसऱ्या आठवड्यात मला स्वतःच्या खुर्चीवरची उशी दिली.

पाच महिने गेले. नाकी नऊ आले. नेमणुकीच्या वहीत नर्सबाई सापडली: वय सतरा, प्रकृती उत्तम. ‘नातेवाईक’ या रकान्यात मेट्रनबाईंच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, ‘विचारले असता सांगत नाही.’

“झालं,” मी म्हटलं. “इथेच संपलं.”

कारकून थोडा वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “ताई, नर्सांच्या वसतिगृहाला फाटक होतं. फाटकावर पहारेकरी होता. म्हणजे वही असणार.”

वही होती. वाळवीनं कडा खाल्ल्या होत्या, पण मधलं सगळं शाबूत. आलेल्या माणसाचं नाव लिहायची पद्धत नव्हती, नुसतं नर्सचं नाव आणि नातं लिहायचे. तिच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी, पेरण्या संपायच्या सुमाराला नोंद होती: ‘वडील आले. मुलीचा भेटण्यास नकार.’ दुसऱ्या वर्षी त्याच महिन्यात तीच ओळ. तिसऱ्या वर्षीही. एकदा पुढे लिहिलं होतं, ‘संध्याकाळपर्यंत बाहेर बसून होते.’ मी बोटांवर मोजत गेले. अकरा.

बाराव्या वर्षी वेगळी नोंद. ‘भाऊ आला. भेट झाली. पाच मिनिटे.’ त्यानंतर वडिलांची नोंद कुठेच नाही.

कारकुनांनी न सांगता रजेची वही काढली. त्याच दिवशी तिनं तीन दिवसांची रजा मागितली होती आणि मिळालीही होती. खाली दुसऱ्या शाईत शेरा होता, ‘घेतली नाही.’ दुसऱ्या दिवसाच्या हजेरीत ती बाळंतिणींच्या वॉर्डात होती, सकाळी सहापासून. पुढच्या वर्षी तिनं इस्पितळातल्या कंपाउंडरशी, म्हणजे माझ्या पणजोबांशी लग्न केलं.

कारकुनांनी वही मिटली. म्हणाले, “चहा सांगू का?”

घरी येऊन मी आत्याच्या पलंगाशी बसले. चपला काढायचंही त्राण नव्हतं. सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती छताकडे बघत ऐकत होती.

“म्हणजे त्यांनी नव्हतं टाकलं.”

“नाही.”

“हिनंच. काय केलं असेल गं बापानं तिला?”

“कुठे लिहिलेलं नाही, आत्या.”

“काहीतरी केलंच असेल. उगाच कुणी अकरा वर्षं नाही म्हणत नाही.” जरा वेळानं तीच म्हणाली, “आणि उगाच कुणी अकरा वर्षं येतही नाही.”

मला वाटलं ती रडेल. रडली नाही. कुशीवर वळायला मदत मागितली. मी उशा लावल्या, पाय सरळ केला. त्यात दहा मिनिटं गेली.

पुढच्या आठवड्यात कारकुनांचा फोन आला. मेट्रनबाईंच्या पत्रांची एक पेटी माळ्यावर मिळाली होती. कुलूप गंजलंय, पण तुटेल, म्हणाले. त्यांचा आवाज तरतरीत होता. मी आत्याला विचारलं.

“तिनं बापाला फाटकाच्या आत घेतलं नाही,” ती म्हणाली. “ती असती तर मला हे विचारूसुद्धा दिलं नसतं. राहू दे.”

“गाव पाहिजे होतं ना तुला?”

“पाहिजे होतं. आता नको.”

मी फोनवर तसं सांगितलं. कारकून हिरमुसले. “मग मी एकटाच बघतो, ताई. काही सापडलं तर कळवू का?”

पाच महिन्यांचा शीण अंगात होता आणि तरीही ती पेटी डोळ्यांसमोरून हलत नव्हती. आत्या माझ्याकडे बघत होती.

“नका कळवू,” मी म्हटलं.

त्यांनी बरं म्हटलं. आत्याला व्यायाम शिकवणारी बाई आली होती, तिला मी दार उघडलं.