खांदशेकणी

"रिमले कपडा गुंडाळला का नाही?" कलाबाईने चुलीपासून विचारले.

"गुंडाळला ना वं. दरसाल गुंडाळतो, यंदाच कसा विसरीन?"

सुखदेव अंगणात उकिडवा बसला होता. वाटीत कोमट तूप, तुपात हळद. पळसाच्या पानाने तो ते सायकलच्या खांद्यावर चोळत होता. खांदा म्हणजे हँडलच्या खालची जागा, जिथून पुढच्या चाकाचे दोन लोखंडी पाय फुटतात ती. पोळ्याची आदली संध्याकाळ होती. रामाकोना गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या वस्तीत घरोघरी बैलांची खांदशेकणी चालू होती. वर्षभर जू वाहिलेले खांदे तुपाहळदीने शेकायचे आणि कानात उद्याच्या जेवणाचे आवतण सांगायचे. सुखदेवच्या गोठ्यात बैल नव्हते. वडील गेले, त्यांच्यामागे जोडी गेली. संत्र्याच्या कलमा बांधत बगीचोबगीचा हिंडणाऱ्या सुखदेवला इतकी वर्षे ओढले ते या जाड टायरच्या सायकलने. डोंगरात चालवायची म्हणून एके काळी निघालेली, वजनदार, रंग उडालेली. पांढुर्ण्याच्या एका माणसाकडून त्याने ती जुनीच घेतली होती, आणि त्याच्याकडे येऊन ती म्हातारी झाली. जो वाहतो तो बैल, एवढे त्याला कळत होते. पोळ्याच्या दिवशी तो तिच्यावर बसतसुद्धा नसे.

घंटीजवळ तोंड नेऊन तो पुटपुटला, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

"बाबा, पुरनपोळी कोठून चारसान तिले? ट्यूबमधून?" ओसरीवरून प्रवीण हसला. हा त्याचा एकुलता एक मुलगा, बोरगावच्या कारखान्यात कामाला. आठवड्यापूर्वीच त्याने नवी सायकल आणली होती. पुढे शॉकर, हलके अंग, काळी कुळकुळीत.

"हासून घे बेटा. तुह्या तिले भूक नाही लागत वाटते?"

"तिले शॉकर हाये. खड्डा समजतच नाही."

"तेच तं! खड्डा समजला नाही तं मानूस हळू होईन कसा? ही हाताले सांगते. रेती आली, गोटा आला, रबर घासलं, पहिले कुरकुर करते, मंग बोंबलते. तुही मुकी हाये."

"मुकी नाही, शांत हाये. एक डाव बसून तं पाहा."

"बसलो ना परवा. झोप आली मले."

कलाबाई खुदकन हसली. प्रवीणही हसला आणि चप्पल अडकवून चौकाकडे निघून गेला.

आदल्या दिवशी मारुतीच्या देवळात कीर्तन झाले होते. सुखदेव जन्माचा टाळकरी. महाराज रंगले होते. त्यांनी एका भोळ्या बाईची गोष्ट गाऊन सांगितली होती. देवावर तिची माया एवढी, की तिने समईत हात आखडता न घेता तूप ओतले, ओततच राहिली, आणि वात बुडून गाभाऱ्यात अंधार झाला. "माया करा बाप्पा, पण डोळे उघडे ठेवून करा!" महाराजांनी असे म्हणताच सारे देऊळ हसले. सगळ्यांत मोठ्याने सुखदेव हसला होता.

आता वाटीत थोडे तूप उरले होते. भिंतीला नवी सायकल टेकून उभी होती. साऱ्या गावाला आज आवतण गेले आणि ही एकटी तशीच. सुखदेवला भडभडून आले. यापुढे हीच तर आपल्या लेकराला वाहणार! त्याने तिच्या खांद्याला हळद लावली. मग त्याची नजर चाकाच्या मधोमध बसवलेल्या चकचकीत चकतीवर गेली. गोल, पातळ, भोके पाडलेली, हुबेहूब टाळासारखी. तशीच मागच्या चाकालाही. टाळाची जोडीच जणू. टाळाला तो दर एकादशीला हळदकुंकू वाहत असे. त्याने बोट भरून तूप घेतले आणि दोन्ही चकत्यांवरून गोल गोल फिरवले.

"संभाळजो माय, माह्या पोराले," तो म्हणाला.

चकती आणखीनच चमकू लागली.

पोळ्याच्या सकाळी प्रवीण लवकर निघाला. जामसावळीला मारुतीचे दर्शन घेऊन बैल सजायच्या आत परत येणार होता.

"खांद्याले हळद कोनं लावली रे हिच्या?"

"तुह्या मायनं असन," सुखदेवने मिशीत हसून ठोकून दिले.

प्रवीणने फाटकापाशी ब्रेक दाबून पाहिले. "जरासे गुळगुळीत लागून राहिले बाबा. दवानं असन." आणि तो गेलासुद्धा. सायकलचा काही म्हणजे काही आवाज झाला नाही. सुखदेवला ते आवडले नाही, पण का ते त्याला सांगता आले नसते.

मग तो आपल्या सायकलपाशी बसून रिमवरचा कपडा सोडू लागला. तुपाचा एक थेंब रिमवर गेला तरी ब्रेकचे रबर घसरते, म्हणून तो कपडा. दोन्ही बाजूंची रबरे त्याने सवयीने चाचपली आणि त्याचा हात तिथेच राहिला.

नव्या सायकलच्या रिमपाशी रबर नव्हतेच. काल तूप लावताना ती रिकामी जागा त्याच्या डोळ्यांपुढे होती, पण मनात शिरली नव्हती.

मग ती थांबते कशाने?

त्याने आपल्या बोटाकडे पाहिले. नखात हळद होती.

"प्रवीणले फोन लाव!" तो ओरडला.

"फोन अठीच हाये, चार्जिंगले. काहून, काय झालं?" कलाबाई बाहेर आली.

सुखदेव उत्तर द्यायला थांबला नाही. विसाव्याच्या दिवशी त्याने सायकल काढली. वस्तीबाहेर रस्ता सपाट होता, पुढे नाल्याकडे लांब उतार, आणि उताराच्या तळाशी रपटा, नाल्यावरचा बिनकठड्याचा ठेंगणा पूल. रपट्यावर आज गावचे बैल धुवायला आलेले असणार. सायकल कुरकुरत, खडखडत, जणू त्याच्याआधी जाऊ पाहत होती. मारुतीराया, मारुतीराया, एवढेच त्याच्या तोंडी होते.

उतार लागला आणि त्याला वास आला. जळक्या तुपाचा. होमाजवळ येतो तसा.

खाली माणसे धावत होती. रपट्यावर बैल बिथरले होते. सुखदेवने ब्रेक दाबले, जुनी रबरे किंचाळली आणि सायकल थांबली.

"बैलाइच्या अंगावर नाही घातली पोरानं," कोणीतरी म्हणत होते. "लहान लेकरं होते ना बैलाजोळ. सोताच वळला, गोट्याइत."

नाल्याच्या दगडांत प्रवीण उजव्या अंगावर पडला होता. डोळे उघडे होते. शेजारी नव्या सायकलचे चाक आवाज न करता फिरत होते.

नागपूरच्या दवाखान्यात त्याचा जीव वाचला. उजवा हात खांद्यापासून गेला. हात जागेवर होता, पण त्यात काही उरले नव्हते. सौंसरचा भूपेंद्र, ज्याच्या दुकानातून सायकल घेतली होती, भेटायला आला.

"चाक पाह्यलं मी. ब्रेकच्या डिस्कले, त्या चकतीले, तेलकट काहीतरी लागलं होतं भाऊ. असं कोन लावते?"

खाटेच्या पायथ्याशी सुखदेव उभा होता. त्याने तोंड उघडले.

"मीच," प्रवीण म्हणाला. "चेनले तेल देता देता उडालं असन." मग त्याने बापाच्या हातांकडे पाहिले आणि लगेच नजर काढून घेतली. "बाबा, पानी द्या जरा."

त्यानंतर ती गोष्ट घरात कोणी काढली नाही. सुखदेवने देवळात जाणे सोडले नाही, पण टाळ मात्र दुसऱ्याच्या हाती दिले आणि तो मागे, खांबाला टेकून बसू लागला. प्रवीणला कारखान्याने फाटकावरचे काम दिले. रोज सकाळी सुखदेव त्याला जुन्या सायकलच्या कॅरिअरवर बसवून बसच्या थांब्यापर्यंत सोडतो. वाटेत दोघे फारसे बोलत नाहीत. सायकलच तेवढी बोलते.

पुन्हा पोळ्याची आदली संध्याकाळ आली. कलाबाईने न विचारता वाटी आणून अंगणात ठेवली. सुखदेव नुसता बसून राहिला. शेजारच्या गोठ्यातून घुंगरांचा आवाज येत होता.

प्रवीण बाहेर आला. खुंटीवरचा कपडा काढून तो डाव्या हाताने सायकलच्या रिमला गुंडाळू लागला. एक टोक दातात धरले तरी कपडा सुटत होता. सुखदेव उठला नाही, त्याला उठवेना. शेवटी कसाबसा कपडा बसला. मग प्रवीण बापासमोर मांडी घालून बसला. त्याने सदऱ्याची बटणे एका हाताने सोडली आणि उजवा खांदा उघडा केला.

"पहिले हिले लावा," तो म्हणाला. "मंग मले."

सुखदेवचा हात वाटीपर्यंत गेला आणि तुपाचा वास येताच वरच्या वर थांबला.

 मान जराशी खाली घालून प्रवीणने खांदा पुढे केला, जू घेणारा बैल करतो तसा.