मॉर्वेनचा साचा

विनिपेगच्या आमच्या वर्कशॉपमध्ये चेहऱ्याचा साचा द्यायला बोलावलं, की त्या नटाचं पुढं काही खरं नसतं. पडद्यावर प्रेत दाखवायचं तर आधी पुतळा लागतो आणि पुतळ्याला साचा. म्हणून कोण मरणार हे नटाच्या आधी मला कळतं. सांगायला मात्र बंदी.

नुआला ब्रॅडी आयर्लंडची, पन्नाशी ओलांडलेली. अंतराळयानांच्या आणि जादूटोण्याच्या मालिकांमध्ये तिनं जन्म काढला. अर्ध्या माणसांना मरायला सोडून निघून जाणारी कप्तान, पोटच्या पोराला विष घालून त्याच्याच उशाशी रडणारी आई, अशा अवघड बायका तिच्याच वाट्याला यायच्या. समीक्षक वाहवा करायचे आणि निर्माते पुढच्या सीझनला तिला मारून टाकायचे. आमच्या मालिकेतली मॉर्वेन चेटकीण मात्र पाच वर्षं टिकली. "हिच्यासोबतच मी म्हातारी होणार," असं नुआला चहा पिताना सांगायची. मला तिचा राग यायचा. या धंद्यात इतकी वर्षं काढून एवढा भाबडेपणा?

त्या दिवशी तिला सांगितलं होतं, कपाळावरच्या जखमेसाठी साचा हवाय. चेहऱ्यावर सिलिकॉन, त्यावर प्लास्टरच्या पट्ट्या, श्वासापुरत्या नाकपुड्या उघड्या. आत चेहरा जरासा हलला तरी साचा फुकट. तेवढ्यात निर्माता जयदीप आला. नागपूरचा पोरगा. सेटवर गुपित बोलायचं झालं की हा मराठी काढतो.

"माधवीताई, प्रॉपर घे हं. थर्ड एपिसोडमध्ये मॉर्वेनला किल करून राहिलो आपण. हिला अजून कोणी टेल नाही केलं, फ्रायडेला एजंटला ईमेल जाईल. मग सीझनभर ग्लास कॉफिनमध्ये तिची डेड बॉडी. डमी इज चीपर ना."

मी डोळे वटारले, ओठांवर बोट ठेवलं.

"अगं ताई, हिला थोडंच मराठी समजतं!" म्हणाला आणि हसला.

नुआलाची नखं खुर्चीच्या हातात रुतली. चेहरा हलला नाही. मी मनात म्हणत होते, ऊठ बाई, उपटून फेक ते सगळं, थुंक याच्या तोंडावर! पडद्यावर विष घालतेस ना? ती तशीच पडून राहिली. मला तिची दया आली आणि त्या दयेचाही संताप आला.

साचा निघाला तो अप्रतिम. एक सुरकुतीसुद्धा जागची हलली नव्हती. तिनं तोंड पुसलं आणि जयदीपला इंग्रजीत विचारलं, "तिसऱ्या भागात मरताना मला काही संवाद आहे?"

जयदीप पांढराफटक पडला. मला म्हणाला, "हिला कसं कळलं?"

"तू मराठी बोललासच कुठे?"

संवाद नव्हता. मॉर्वेन झोपेतच मरणार होती. नुआला अगदी हळू म्हणाली, "त्या पेटीत मीच झोपते. पैसे कमीत कमी द्या. आता बघितलंत ना, मी मुळीच हलत नाही."

म्हणजे मी मनात ओरडत होते, तेव्हा ही ऑडिशन देत होती.

एव्हाना जयदीप सावरला होता. साचा उजेडात धरून निरखत म्हणाला, "यू आर ग्रेट, नुआला. पण तुला लंच ब्रेक द्यावा लागतो."

मग तिच्यासमोरच त्यानं मला विचारलं, डमी कधी तयार होईल. मी गुरुवार सांगितला.