दहाव्या गाण्याचा जुना माइक

मित्रांनो, माझ्याकडे नीट पाहिलंत तर माझी जाळी एका बाजूने चेपलेली दिसेल. मुठीवरचा काळा रंगही उडाला आहे. मी एक म्हातारा माइक आहे. जन्मलो एका छोट्या कारखान्यात. तिथे एका बाईने केसाहून बारीक तांब्याची तार माझ्या पोटात गुंडाळली, तिच्यावर कागदापेक्षा पातळ पडदा बसवला आणि मला लाल मखमलीच्या डब्यात निजवलं. तेवढा थाट मला पुन्हा कधी मिळाला नाही.

डबा उघडला तो खडकीत. भैरू नावाच्या गृहस्थांचा मांडव आणि लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता. त्यांच्याकडे मी भरपूर काम केलं. लग्नात मंगलाष्टकं म्हटली, रक्तदान शिबिरात आभार मानले, हरवलेल्या मुलांच्या आयांना हाका मारल्या. लोक मला टिचक्या मारत, माझ्यात फुंकर घालत. मला ते आवडत नसे, पण सांगणार कोणाला?

एका गणेशोत्सवात दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत स्पर्धा होती. सतरा वर्षांची दोन मुलं माझ्यासमोर आली, इंद्रजीत आणि सुदर्शन. दोघांचेही वडील त्याच कारखान्यात कामाला. इंद्रजीतचा आवाज खणखणीत होता. सुदर्शनचा बसका, पण लिहायचा तो. नाव द्यायच्या आधी दोघं माझ्याजवळ उभे राहून तालीम करत होते. इंद्रजीत म्हणाला, "बाप कामावर गेला, इथपर्यंत ठीक आहे. पुढे काय?" सुदर्शनने डोकं खाजवलं आणि एक ओळ सांगितली. ती ओळ पहिल्यांदा ऐकणारा तिसरा मीच.

"भोंगा झाला, बाप निघाला, सायकल गेली उतारानं,
दिवसभर मग घर आमचं ऐकत बसलं दारानं."

मांडवात टाळ्या पडल्या त्या या ओळीला. ज्यांच्या घरचं माणूस दारूगोळ्यात हात घालून पोट भरतं, त्यांना दारानं ऐकणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. मराठीतलं रॅप तेव्हा तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. परीक्षकांनी त्यांना 'जलद कविता' या नावाखाली बक्षीस दिलं.

पुढे भैरूंनी धंदा बंद केला आणि मला इंद्रजीतच्या हातात ठेवलं. कॉलेजांची स्नेहसंमेलनं, चौकातले कार्यक्रम, सगळीकडे आम्ही तिघं असायचो. मग मंच मोठे झाले. तिथे बिनतारी माइक असत. सुदर्शनला कात्रजच्या डेअरीत नोकरी लागली आणि त्याचं येणं कमी झालं. इंद्रजीतचं नाव वाढत गेलं. एका मुलाखतीत त्याला विचारलं, "दारानं ऐकण्याची ओळ कशी सुचली?" तो म्हणाला, "सुचली अशीच, सहज." ती मुलाखत सुदर्शनने ऐकली. त्यानंतर त्याने इंद्रजीतचा फोन उचलला नाही. मी तोवर जुन्या वायरींच्या पिशवीत, माळ्यावर गेलो होतो. ही भांडणाची गोष्ट मला इंद्रजीतच्या तोंडून कळली, तीही अकरा वर्षांनी.

अकरा वर्षं धूळ खाल्ली, मित्रांनो. एका झुरळाने माझ्या डोक्याशी संसार थाटला. मला वाटलं, आता भंगारवाल्याच्या हातगाडीवरच बाहेर पडायचं.

पण इंद्रजीतने बेचाळिसाव्या वर्षी अल्बम करायला घेतला. सुटी गाणी त्याची पुष्कळ निघाली होती, अख्खा अल्बम हा पहिलाच. येरवड्यात ऋतिका नावाच्या बाईंचा स्टुडिओ आहे. भिंतींना स्पंज, दाराला जाड गादी. तिथे नऊ गाणी एका चकचकीत, महागड्या माइकवर झाली. दहावं गाणं भोंग्याचं. ऋतिका म्हणाल्या, "याला मांडवातला आवाज हवा. त्यासाठी जुना माइक लागतो, तो आता मिळत नाही." इंद्रजीत घरी गेला आणि मला घेऊन आला. ऋतिकांनी माझी जाळी उघडून मऊ ब्रशने झटकली. बऱ्याच वर्षांनी मला मोकळा श्वास मिळाला.

इंद्रजीत गायला लागला. एकदा, दोनदा, सात वेळा. शेवटी ऋतिकांनी कानावरचे हेडफोन काढले.

"दादा, आवाजाला काही झालेलं नाही. पण दाराच्या ओळीशी आलात की तुम्ही पळ काढताय."

इंद्रजीत माझ्याकडे बघत म्हणाला, "ती ओळ माझी नाही." आणि त्याने मुलाखतीपासून सगळं सांगून टाकलं.

"मला सांगून काय उपयोग?" ऋतिका म्हणाल्या. "ज्यांची ओळ आहे ते काय मंगळावर राहतात?"

"कात्रजला."

"मग बस आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी इंद्रजीत कात्रजला गेला. मला त्याने पिशवीत घातलं होतं, डोकं तेवढं बाहेर ठेवून. बहुतेक एकट्याने जायचा धीर होत नसावा. दार सुदर्शननेच उघडलं. केस पांढरे झाले होते, आवाज होता तसाच बसका.

"या. पत्ता सापडला म्हणायचा."

इंद्रजीत आत जाऊन बसला. सुदर्शनच्या पत्नीने, हेमाताईंनी, ताकाचे दोन पेले ठेवले. इंद्रजीतने पेल्याला हात लावला नाही.

"ती ओळ तुझी होती. मी माझी म्हणून मिरवली. मुलाखतीत विचारलं तेव्हा तुझं नाव ओठांवर होतं. घेतलं नाही."

"अल्बम निघतोय म्हणून आलास?"

"हो."

"नसता निघाला तर?"

इंद्रजीतने थोडा विचार केला. "तर आलो नसतो बहुतेक."

मला वाटलं, झालं, आता हा दार दाखवणार. पण सुदर्शनच्या खांद्यावरचा ताण उतरला. "हे तरी खरं बोललास," तो म्हणाला. "ताक पी, गरम होतंय. आणि ओळ वापर. खाली माझं नाव घाल म्हणजे झालं."

"तू गायला ये."

"माझा आवाज आता दूधगाड्यांना हाका मारण्यापुरताच राहिलाय."

तेव्हा हेमाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "खोटं आहे. दर रविवारी गाडी धुताना म्हणतात. पुढचं कडवंसुद्धा आहे."

इंद्रजीतने मान वर केली. पुढचं कडवं त्याला ठाऊकच नव्हतं. सुदर्शनने ते लिहून कुणालाच दिलं नव्हतं. आता तो थोडा लाजला, घसा साफ केला आणि म्हणाला,

"संध्याकाळी घंटी वाजली, सायकल वळली कोपऱ्यात,
चहा चढला आणि घर आमचं परत आलं घरात."

इंद्रजीतने पिशवीतून मला बाहेर काढून टेबलावर ठेवलं. सुदर्शनने मला उचललं, चेपलेल्या जाळीवरून अंगठा फिरवला. "हा अजून आहे?" तो म्हणाला. त्याच आठवड्यात सुट्टी काढून तो येरवड्याला आला. दोघांनी माझ्यासमोर खांद्याला खांदा लावून गाणं म्हटलं. सुदर्शनचा आवाज शेवटी जरा फाटला. तो पुन्हा म्हणायला निघाला, तर ऋतिका म्हणाल्या, "हात लावायचा नाही त्याला. तसाच राहील."

प्रकाशन खडकीच्या वसाहतीतल्या सभागृहात झालं, रविवारी सकाळी. इंद्रजीतचे चाहते होते, निवृत्त कामगार होते. पहिल्या रांगेत त्याचे वडील हिंमतराव, कानात यंत्र लावून. इंद्रजीत उभा राहिला. हातात मी होतो, म्हणून त्याच्या तळव्याचा घाम मला लागला.

"पंचवीस वर्षं तुम्ही ज्या ओळीसाठी मला टाळ्या दिल्यात," तो म्हणाला, "ती या सुदर्शनची आहे. मी ते लपवलं."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे टाळ्या परत घ्यायच्या का आम्ही?"

"घ्या की," इंद्रजीत म्हणाला. "आणि त्याला द्या. तो तिकडे खांबामागे लपलाय."

लोक हसले, माना वळल्या, आणि टाळ्या अशा पडल्या की मला काही ऐकू येईना. सुदर्शन खांबामागून बाहेर आला तेव्हा त्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. दोघांनी गाणं म्हटलं. संपल्यावर हिंमतरावांनी हात वर केला. इंद्रजीतने मला त्यांच्यापुढे धरलं.

"सायकल कुणाची होती?"

"तुमची, बाबा."

"मग माझं नाव कुठे आहे?"

त्या दिवशी सगळ्यात मोठा हशा त्यांना मिळाला.

आता मी ऋतिकांच्या स्टुडिओत असतो. माझ्यावर कापडी टोपी असते आणि महिन्यातून एकदा माझी जाळी साफ होते. अल्बम गावोगावच्या फोनमधून वाजतो, तेव्हा त्यातलं दहावं गाणं माझं असतं. मित्रांनो, तुमच्याही घरी कोपऱ्यात एखादी जुनी वस्तू पडली असेल. टाकण्याआधी तिच्यावरची धूळ एकदा पुसून बघा. आम्हा माइकना टिचक्या मारू नका, फुंकर घालू नका, कोरड्या फडक्याने हळूच पुसा. आणि आमच्यासमोर उभे राहाल तेव्हा ज्याचं त्याचं नाव घ्यायला विसरू नका. तुम्ही बोललेलं आम्ही शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतो, पण न घेतलेलं नाव आम्हाला पोचवता येत नाही.