गेटवरची झापड

मी झापड बोलतेय. घोड्याच्या डोळ्यांवर चढवतात, ती. जरा हळूच बोलते, कारण अंगात आता त्राण उरलेलं नाही.

एका जुन्या घोंगडीतून मला कापलं, आतून मऊ अस्तर लावलं आणि तेव्हापासून मी गेटवाल्याच्या खिशात राहिले. शर्यत जिथून सुटते तिथे लोखंडी कप्प्यांची रांग असते, तिला सगळे गेट म्हणतात. अडेल घोड्याला त्या अरुंद कप्प्यात घालायचं हे त्याचं काम. घोडा अडला की तो मला त्याच्या डोळ्यांवर चढवायचा, माझं टोक गालावरच्या पट्ट्यात अलगद खोचायचा आणि घोड्याला आत लोटायचा. गेट उघडलं की जॉकी मला ओढून काढतो. घोडा जातो पुढे, मी पडते गवतात.

मोठे घोडे परवडले. मला वीट आलाय तो नवख्यांच्या आखूड शर्यतीचा. दोन-दोन वर्षांची शिंगरं, जन्मात पहिल्यांदा एवढी गर्दी बघणारी! कुणी लाथा झाडतं, कुणी घामानं निथळतं. माझ्याखाली त्यांच्या पापण्या नुसत्या फडफडत असतात. अंधार झाला की त्यांना वाटतं, संकट टळलं. बिचारी! त्यांचे डोळे झाकायचे आणि आपण दुर्बिणी लावून बसायचं, ही माणसांची तऱ्हा. मी मात्र शर्यत कधी पाहिली नाही. लांब जाणाऱ्या टापा तेवढ्या ऐकल्या.

त्या दिवशी गेटवाला माझं टोक पुन्हापुन्हा चाचपत होता. एका भित्र्या शिंगरीवर त्याची स्वतःची मुलगी बसली होती. तिचीही पहिलीच शर्यत. शिंगरी दोनदा मागे सरली होती. आता आत गेली नाही तर दोघींना शर्यतीतून काढणार होते.

"बाबा, आटपा लवकर."

"थांब गं. झापड मध्येच निसटली तर ही आत उधळेल, आपटेल तुला लोखंडावर."

आणि त्यानं माझं टोक पट्ट्यात दुहेरी करून गच्च खोचलं. इतक्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं. पोरीच्या काळजीपोटी केलं.

गेट खाडकन उघडलं. मुलीनं मला लगेच ओढलं. मी निघाले नाही. तिनं पुन्हा ओढलं. शेजारचे घोडे सुटले तशी शिंगरीनंही झेप घेतली, आंधळीच. अशी मी पहिल्यांदा शर्यतीत धावले, आणि जीव मुठीत धरून धावले. मला सुटायचं होतं, पण सुटता येईना. "सरळ गं बाई, सरळ चल," मुलगी वरून विनवत होती. शेवटी एका हिसक्यासरशी टर्रकन फाटून मी खाली पडले. दोघी सगळ्यांच्या मागून पोचल्या, पण धडधाकट पोचल्या.

पंचांच्या खोलीत मुलीला उभं केलं; मला गवतातून उचलून घेऊन बाप दाराशी थांबला.

"झापड वेळेवर का काढली नाही?"

"माझा हात उशिरा गेला, साहेब."

मी गारच पडले. बापाची नोकरी वाचवायला पोर स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत होती. असल्या जॉकीला पुन्हा घोडा कोण देणार?

दाराशी उभा असलेला बाप पुढे आला. त्यानं मला टेबलावर ठेवलं.

"हिचं टोक बघा, साहेब. नुसतं सुटलेलं नाही, फाटलंय. पोरीनं वेळेवरच ओढलं होतं. गच्च खोचलं ते मी."

"बाबा, तुम्ही गप्प बसा ना!"

"तू गप्प बस. तुला अजून घोड्यावर बसायचंय."

त्याच संध्याकाळी त्याचं गेटवरचं काम गेलं. पोरीचं राहिलं.

आता मी त्यांच्या घरी खुंटीला लटकते. मुलगी सरावाला जाते. बाप दिवसभर घरात येरझाऱ्या घालतो आणि तिच्या आईच्या पायांत घोटाळतो. परवा आईनं सुईदोरा काढला. म्हणाली, "दोन टाके घालते, येईल कुणाच्या तरी कामी." सुई अजून बाहेरच आहे.

बाई, ती सुई ठेवून द्या. खूप डोळे झाकले मी, आता होत नाही. फाटकी दिसते म्हणून फेकूही नका. उद्या कुणी पुन्हा म्हणालं, पोरीचा हात उशिरा गेला, तर दाखवायला मी लागेन.