अण्णांचं गुणसूत्र

मी पालींवर पीएच.डी. करते, हे मखमलाबादच्या आमच्या घराने मोठ्या मनाने पचवलं आहे. म्हणजे पाहुण्यांना 'कॉलेजात काहीतरी करते' एवढंच सांगतात. फुलांच्या शेडमध्ये माझे पालींचे डबे मात्र सुखाने ठेवू देतात, कारण ते बघून गल्लीतल्या बायका फुकटची शेवंती मागायच्या बंद झाल्या.

माझ्या धाकट्या भावाला, योगेशला, दुसरी मुलगी झाली आणि आमच्या आईचं, मालनबाईंचं, तोंड फिरलं. मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर जिलेबी. आईने साधा गूळही वाटला नाही. अकराव्या दिवशी तिने जाहीर केलं, "बारसं नाय करायचं. पहिलीचं केलं, बास झालं."

योगेशची बायको पूजा बाळाला कवटाळून भिंतीकडे वळली. योगेश विहिरीवरची मोटार बघायला निघून गेला. अशा वेळी आमची मोटार हमखास बिघडते.

मला राग आवरत नाही. आई विळीवर कांदा चिरत होती, तिच्यासमोर जाऊन बसले. "आई, पोरगा का पोरगी ते बाईच्या हातात नसतं. बापाकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. पूजाकडे द्यायला वाय आहेच कुठे?"

"तू पालींची मास्तरीण. पालींचं काय ते सांग."

मी पालींचं सांगितलं आणि तिथेच फसले. पालींच्या कुळात कोट्यवधी वर्षांत हा कारभार कितीदा तरी बदललाय. काहींत नराकडून ठरतं, काहींत मादीकडून, काहींत तर अंड्याला किती ऊब मिळाली त्यावर.

"झालं तर मग! मादीकडून ठरतं. तूच म्हनली."

"काही पालींत! पूजा पाल आहे का?"

आईने यावर क्षणभर विचार केला, याचा मला अजून राग आहे.

"पण आई, हे मुळात होतं कसं ते ऐक. सुरुवातीला गुणसूत्रांची जोडी सारखीच असते. मग एकाच्या अंगात येतं, की यापुढे मीच ठरवणार. ते जोडीदाराशी देवाणघेवाण बंद करतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या झिजत जातं. माणसाच्या वायचंही तेच झालं. उरलंय एवढंसं, पण ठरवायचा मान त्याचाच."

आईने ओसरीकडे पाहिलं. तिथे माझे वडील, गोटीरामअण्णा, पेपर वाचत बसले होते. अण्णा घरात 'चहा' याखेरीज बोलत नाहीत, पण विहीर कुठे खणायची आणि पोरी कुठे द्यायच्या, हे तेच ठरवतात.

"हे तर घरातलंच हाय," आई म्हणाली.

"म्हणूनच सांगते. मुली होतात त्या बापामुळे."

तेवढ्यात ट्यूबलाइटमागची पाल चुकचुकली.

आईने जमिनीवर बोट आपटलं. "कृष्ण कृष्ण." बोलण्यावर पाल चुकचुकली की ते बोलणं खरं, त्यावर आमच्या आईच्या कोर्टात अपील नाही. माझ्या डोक्याभर पुस्तकांनी जे जमलं नाही, ते त्या बयेने एका दमात केलं.

आईचा हात विळीवरच थांबला होता.

आम्ही आधी तिघी बहिणी, मग योगेश. तीन मुलींपायी आजीने आईला किती छळलं, ते आईने कधी सांगितलं नाही, गल्लीने सांगितलं. मुलगा व्हावा म्हणून अनवाणी ब्रह्मगिरीची फेरी करायला लावली. माझ्या वेळी तर बाराव्या दिवशी वावरात खुडणीला पाठवलं. आम्हा तिघींपैकी एकीचंही बारसं झालं नाही.

"म्हंजे मी काय केलंच नव्हतं?" तिने हळूच विचारलं.

"नाही गं, आई."

आता ही रडणार, असं मला वाटलं. ती उठली, ओसरीवर गेली आणि अण्णांच्या हातातला पेपर काढून घेतला. "उठा. द्वारका चौकातून पाच किलो जिलेबी आणा. उद्या नातीचं बारसं हाय."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी आत्या म्हणून बाळाच्या कानात 'आर्वी' म्हटलं. नाव ठेवलं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. सगळ्या हात उगारून माझ्यामागे जमल्या.

"तिला नको," आई म्हणाली. "ज्याच्यापायी पोरी झाल्या त्याला बसवा हितं."

योगेश दाराकडे सरकला. "तू नाय रे," आई म्हणाली. "तुमी. या."

अण्णा आले आणि मुकाट पाटावर बसले. बायका तोंडाला पदर लावून मागे सरल्या, कुणाचा हात होईना. आईने पदर खोचला आणि एकामागून एक तीन धपाटे घातले. प्रत्येकाला आम्हा बहिणींचं एकेक नाव घेतलं.

माझ्या नावाचा सगळ्यात जोरात बसला.